मध न देणाऱ्या माश्यांच्या मागे

पुण्यातल्या रेसकोर्सजवळच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पावसाळा सरल्यावर सकाळी गेलं, की दोन तऱ्हेचे कॅमेरेवाले दिसतात. एक म्हणजे लग्नाआधीचे फोटो काढून घ्यायला आलेली जोडपी आणि त्यांच्यामागे रिफ्लेक्टर धरून पळणारी पोरं. दुसरे आमच्यासारखे. पँटच्या गुडघ्यांना माती, पाठीला बॅग, आणि एखाद्या तुळशीसमोर नाहीतर चक्क तणासमोर उकिडवे बसलेले. पहिल्यांकडे लोक कौतुकाने बघतात. आमच्याजवळ रखवालदार येतो आणि विचारतो, "काका, काही हरवलंय का?"

मधमाश्यांचे फोटो काढतोय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "पोळं कुठंय?" आणि लगेच त्याची नजर वर, झाडांच्या फांद्यांकडे जाते.

पोळं नसतंच. भारतात मधमाश्यांच्या सातशेहून अधिक जातींची नोंद आहे. जगात वीस हजारांच्या वर. भारतातल्या जातींपैकी पोळं बांधून मध साठवणाऱ्या मोजक्याच. आपल्याकडे कड्याला आणि उंच इमारतींना लटकणारी आग्या, झाडाच्या ढोलीत किंवा पेटीत राहणारी सातेरी, कुंपणाच्या झुडपात तळहाताएवढं पोळं करणारी फुलोरी, आणि भिंतीच्या फटीतून मेणाची छोटी नळी बाहेर काढून बसणारी, डंख नसलेली चिमुकली पोया. शिवाय युरोपातून आणलेली मेलिफेरा, जी भारतात नीट रुजली ती 1960च्या दशकात पंजाबात. एवढ्या पाच ओळखल्या, की मधमाशी हा विषय संपला असं बहुतेकांना वाटतं. बाकीच्या शेकडो जातींच्या माद्या एकेकट्या राहतात, जमिनीत किंवा वाळक्या काडीत बीळ करतात, शिदोरी ठेवतात, अंडी घालतात आणि पिल्लांचं तोंड न बघताच बहुधा मरून जातात. त्यांचा मध काढता येत नाही, म्हणून त्यांना बाजारभाव नाही. बाजारभाव नाही म्हणून त्यांची चौकशीही नाही.

सरकारी पातळीवरही मधमाशी म्हणजे मधच. पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत; सातेरी टिकली तर डोंगरातल्या माणसाच्या हाती चार पैसे पडतात. पण मध न देणाऱ्या माशीसाठी गाव जाहीर होत नाही. तिच्यासाठी सध्या जे काही होतं आहे, त्यात बराच मोठा वाटा हौशी लोकांच्या फोटोंचा आहे. आणि हे फोटो बहुतांशी जंगलात नव्हे, बागांत काढले जातात.

०००

बागेत का, याचं उत्तर सोपं आहे. जंगलात फूल शोधत हिंडावं लागतं. बागेत फुलं एका जागी असतात, पायवाट असते, पाणी असतं आणि चहा मिळतो. माणसांची ये-जा असल्यामुळे तिथल्या माश्याही काहीशा निर्ढावलेल्या असतात असं माझं मत आहे, याला पुरावा मात्र माझ्याकडे नाही.

नवशिका फोटोग्राफर बागेत शिरला की माशीच्या मागे धावतो. माशी या फुलावरून त्या फुलावर, हा तिच्या मागे, आणि घरी आल्यावर शंभर फोटोंत शंभर रिकामी फुलं. जुने लोक सांगतात, माशी पकडू नकोस, झाड पकड. एक बहरलेलं झुडूप निवडायचं, सूर्य पाठीशी येणार नाही अशा बेताने बसायचं, कारण आपली सावली फुलावर पडली की माशी उडालीच, आणि मग हलायचं नाही. एकांडी माशी फुलांच्या ठरावीक वाटेने फिरते. एकदा गेली तरी थोड्या वेळाने पुन्हा त्याच तुऱ्यावर येण्याची शक्यता मोठी असते.

माझ्या मते शिकायला तुळशीइतकं चांगलं झाड नाही. मंजिऱ्यांवर सगळ्यांत आधी फुलोरी येते. लालसर पोटाची, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, आग्याच्या निम्म्याने. ती फोटोसाठी सोपी, सावकाश काम करते. मग नीट पाहिलं तर त्याच मंजिरीवर मुंगीएवढी, चकचकीत हिरवी काहीतरी वस्तू हलताना दिसते. लोक तिला माशीच समजत नाहीत. ती सेराटिना, तुटक्या वाळक्या काडीतला भेंडासारखा गाभा पोखरून घर करणारी. आणि ऊन तापायला लागलं की एक बारीक, चढा गुंजारव कानाशी येतो, तुरा हलतो, आणि पोटावर निळसर चमकत्या पट्ट्या असलेली एक माशी फुलासमोर हवेत थबकते, लांब जीभ आधीच पुढे काढून. दोन सेकंदांत चार फुलं आटोपून ती निघून जाते. ही अमेजिला. इंग्रजीतल्या पुस्तकांत तिला निळ्या पट्ट्यांची माशी म्हणतात, आणि आम्ही सगळे तिच्यापायी वेडे झालेले आहोत.

तिचा फोटो अवघड का, हे सांगायला थोडं तंत्रात शिरावं लागेल. माशी सेंटिमीटरभर. तिला कॅमेऱ्यात मोठं करायचं तर नव्वद-शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स लागते, आणि इतक्या जवळून स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा असतो. डोळा स्पष्ट आला तर पोट धूसर. छिद्र लहान केलं, म्हणजे एफ अकरा, एफ सोळा, तर पट्टा वाढतो, पण उजेड कमी पडतो. उजेड कमी पडला की शटर हळू ठेवावं लागतं, आणि मधमाशीचे पंख तर सेकंदाला दोनशेच्या वर वेळा हलतात. यावर उपाय म्हणजे फ्लॅश. त्याचा झोत क्षणाच्या इतक्या बारीक तुकड्यापुरताच असतो की पंख थांबलेले दिसतात. पण उघडा फ्लॅश मारला तर माशीच्या गुळगुळीत पाठीवर पांढरा डाग पडतो. त्यामुळे फ्लॅशसमोर ट्रेसिंग पेपर, थर्माकोलचा तुकडा, दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक असं काय काय लावलेलं दिसतं. महागड्या कॅमेऱ्याला रबरबँडने बांधलेली दुधाची पिशवी, हे या जमातीचं ओळखपत्र आहे.

ऑटोफोकसचा इथे फारसा उपयोग नाही. फोकस हाताने ठरवून ठेवायचा आणि स्वतःच किंचित पुढे-मागे झुलत माशीचा डोळा स्पष्ट दिसला की बटण दाबायचं. कंबर दुखते. पण केवळ नोंद हवी असेल, म्हणजे कुठली माशी, कुठे, कधी, कशावर, तर फोनही पुरतो. त्याला चिकटवायची मॅक्रो लेन्स काही शे रुपयांत मिळते. कित्येक सार्वजनिक उद्यानांत तर फोनच बरा. एका उद्यानात मला कॅमेरा बॅगेत ठेवायला लावला आणि शेजारी चाळीस माणसं फोनवर व्हिडिओ काढत होती, त्यांना कुणी हटकलं नाही. नियम पाटीवर लिहिलेला होता, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

०००

फोटो घरी आणून मोठा केला की खरी गंमत सुरू होते. आधी ती माशीच आहे का, ते बघायचं. बागेतल्या फुलांवर पट्टेरी वेष घेऊन फिरणाऱ्या होवरफ्लाय असतात. त्यांना दोनच पंख, डोळे जवळजवळ सगळं डोकं व्यापणारे, मिशा आखूड. मधमाशीला पंख चार, मिशा लांब आणि कोपरात वाकलेल्या. समाजमाध्यमांवर 'मधमाशी' म्हणून हौसेने टाकलेल्या फोटोंत होवरफ्लाय किती असतात, हे एकदा लक्षात आलं की हसू आवरत नाही.

मग पराग कुठे आहेत ते बघायचं. हे सगळ्यांत उपयोगी. सातेरी, फुलोरी, पोया यांच्या मागच्या पायावर परागाची ओलसर, घट्ट गोळी असते. मधुरसात मळून बसवलेली. अमेजिलाच्या मागच्या पायांवर केसांचा झुबका असतो आणि त्यात कोरडे पराग भुरभुरीत अडकलेले. आणि एखादी माशी फुलावर पोट वर उचलून बसली असेल, पोटाची खालची बाजू पिवळीधमक दिसत असेल, तर ती पानकापी, मेगाकाइली. तिची पिशवी पोटाखाली. आणि अंगावर परागच नाहीत, केसही विरळ, काळ्या शरीरावर आकाशी ठिपके टाकल्यासारखे? मग ती थायरिअस. दिसायला सगळ्यांत देखणी, आणि चरित्र कोकिळेचं. स्वतः घर बांधत नाही. अमेजिलाच्या बिळावर नजर ठेवते, मालकीण बाहेर गेली की आत जाऊन आपलं अंडं घालून येते. तिची अळी अमेजिलाच्या पिल्लाची शिदोरी खाऊन वाढते. ठिपकेवाली दिसली की आम्ही खूश होतो, आणि ते फक्त फोटोसाठी नाही. परोपजीवी माशी दिसली याचा अर्थ तिला पोसण्याइतक्या अमेजिला जवळपास आहेत.

नुसत्या डोळ्यांनी बघताना हे सगळं 'एक माशी बसली आणि उडाली' एवढंच असतं. फोटोत ती थांबते म्हणून तिचे पाय दिसतात, आणि पाय दिसले की तिचं बिऱ्हाड कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो.

०००

भायखळ्याच्या राणीच्या बागेत लोक पेंग्विन बघायला रांग लावतात. 1861 साली सुरू झालेलं हे मुळात वनस्पती उद्यान, आणि मुंबईतली कितीतरी दुर्मीळ झाडं तिथे आहेत, हे त्या रांगेत उभं राहून कळत नाही. अशा जुन्या बागांत मी आधी फुलं बघत नाही, कांचनाची पानं बघतो. किंवा गुलाबाची. पानाच्या कडेला कात्रीने कापल्यासारखी गोल, नीटस अर्धवर्तुळं गेलेली असली की समजायचं, पानकापी इथे राहते. अळीने खाल्लेलं पान वेगळं दिसतं. ते कुठूनही, कसंही खाल्लेलं असतं. पानकापी पान खात नाही. लांबट तुकडे कापून ती पोकळ काडीत किंवा भिंतीच्या भोकात पानाची पुरचुंडी करते, तिच्यात पराग आणि मधुरसाचा लाडू ठेवते, वर एक अंडं घालते आणि मोजून मापून कापलेल्या गोल चकत्यांनी झाकण लावते. मग त्याच भोकात पुढची पुरचुंडी.

एका बागेतल्या माळीमामांना मी ही पानं दाखवली. "रोग पडलाय, फवारणी घ्यावी लागंल," ते म्हणाले. त्यांची चूक नव्हती. साहेबांना खराब पानं दिसली तर बोलणी त्यांनाच खावी लागतात. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यांना पानाची चकती पोटाशी धरून उडणाऱ्या माशीचा फोटो दाखवला. बराच वेळ निरखून झाल्यावर ते म्हणाले, "हिला मी रोज बघतो. गांधीलमाशी समजत हुतो." मग त्यांनीच मला पंपघराच्या मागे नेलं. तिथे जुन्या खिडकीच्या चौकटीतल्या खिळ्यांच्या भोकांत हिरवी झाकणं बसलेली होती. मला ती जागा एकट्याने कधीच सापडली नसती.

हीच पानकापी आणि तिची भावंडं शेतात तुरीच्या फुलावर असतात. तुरीचं फूल असं बंद असतं की त्यावर बसून खालची पाकळी दाबल्याशिवाय आतले केसर बाहेर येत नाहीत. तेवढं वजन आणि तेवढी हुशारी मेगाकाइलीकडे आहे. तूर बरीचशी स्वतःच्याच परागावर भागवते, पण एका झाडाचे पराग दुसऱ्यावर जायचे तर भरवसा या माश्यांवर. मराठवाड्यातल्या बांधावरच्या पोकळ काड्या, जुनी मेढ, कुडाची भिंत ही त्यांची घरं. बांध पेटवून 'स्वच्छ' करण्याची सवय त्यांच्या मुळावर येते.

वांग्याचं आणि टोमॅटोचं प्रकरण आणखी वेगळं. त्यांच्या फुलात मधुरस नाही, आणि पराग असतात ते केसराच्या बंद नळीत, टोकाला बारीकसं भोक. सातेरी किंवा मेलिफेरा तिथे येऊन फारसं काही करू शकत नाही. अमेजिला आणि भुंगा फुलाला मिठी मारतात, पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवतात, आणि पराग मिठाच्या डबीतून उडावेत तसे भोकातून बाहेर उडतात. बागेत टाकळा, तरवड किंवा बहाव्यापाशी उभं राहिलं तर हा आवाज ऐकू येतो. माशी हवेत असताना एक सूर, फुलावर बसली की एकदम वरच्या पट्टीतला तुटक सूर. ऑस्ट्रेलियात तिथल्या निळ्या पट्टेरी माशीचं अतिवेगवान चित्रण केलं तेव्हा दिसलं, की ती टोमॅटोच्या केसरावर चक्क डोकं आपटते, सेकंदाला साडेतीनशे वेळा. आपल्या कॅमेऱ्यांत ते यायचं नाही. आवाज मात्र कोणालाही ऐकता येतो, आणि फोटोआधी कान तयार झाला की माशी दिसण्याआधीच ती कुठल्या झुडपात आहे ते कळतं.

०००

आता भुंगा. लोक त्याला घाबरतात, मुलं पळतात, आणि लाकडी वाड्याचे मालक त्याला शिव्या देतात कारण तो वाशांना भोकं पाडतो. भुंगाही मधमाशीच, झायलोकोपा ही तिची शास्त्रीय प्रजाती (जीनस). काही जातींत मादी काळी, पाठीवर पिवळ्या लोकरीचा शेला, आणि नर सबंध पिवळसर. बागेत रुई, कृष्णकमळ, शेवगा, खुळखुळा असेल तर भुंगा येणारच. रुईच्या फुलाचे पराग सुटे नसतात, जोडीने चिकटलेल्या पुड्या असतात. भुंग्याच्या पायाला त्या लटकून जातात. लेन्स चांगली असेल तर फोटोत त्या पिवळ्या पुड्या मोजता येतात. नर एका जागी हवेत टेहळणी करत उभा राहतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर, तुमच्यावरही, झेप घेतो. त्याला डंखच नसतो. उडत्या माशीचा फोटो शिकायचा असेल तर हाच नर गाठावा, कारण तो पुन्हा त्याच बिंदूवर येऊन थांबतो.

भुंग्यांबद्दलची मला ठाऊक असलेली सर्वांत अचाट गोष्ट आपल्या भीमाशंकरची आहे. हेमा सोमनाथन, रेने बोर्जेस आणि स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांनी तिथल्या जंगलात भुंग्यांच्या जातींवर काम केलं. त्यांतली एक, झायलोकोपा ट्रँक्वेबारिका, रात्री उडते. अमावास्येच्या, चंद्र नसलेल्या रात्रीही. संशोधकांनी तिच्या घरट्याच्या तोंडाशी रंगीत खुणा लावल्या आणि मग जागा बदलल्या. माणसाला जिथे फक्त काळोख दिसतो तिथे, नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात, ती रंग ओळखून परत आली. 2008 मध्ये 'करंट बायॉलॉजी'त हे प्रसिद्ध झालं. त्याआधी 2001 मध्ये सोमनाथन आणि बोर्जेस यांनी दाखवलं होतं, की भीमाशंकरच्या वारस झाडाच्या फुलांचं परागीभवन रात्री भुंगा करतो. हे सगळं पुण्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. शनिवार-रविवारी तिथे जाणाऱ्या हजारो माणसांपैकी किती जणांना हे माहीत असेल?

०००

दिवसाच्या धावपळीत ज्यांना अमेजिला सापडत नाही, त्यांनी तिन्हीसांजेला जावं. बाग बंद व्हायच्या घंटेआधी अर्धा तास. गवताच्या वाळक्या काड्या, वेलींची लोंबती टोकं, कुंपणाच्या बाजूची जुनी देठं बघत चालायचं. अमेजिलाचे नर तिथे झोपायला येतात. जबड्याने काडी घट्ट चावून धरतात, पाय आखडून घेतात आणि तसेच आडवे लटकतात. एका काडीवर एकाखाली एक, ओळीने. पुष्कळदा रोज त्याच काडीवर. जागेवरून थोडी भांडाभांडी होते, एकमेकाला ढकलणं होतं, मग सगळं शांत. थायरिअसही असाच झोपतो. पहाटे, ऊन लागून अंग तापेपर्यंत ते हलत नाहीत. तेव्हा तिपाई लावून, मंद शटर ठेवून, हवे तितके फोटो घेता येतात. अंगावर दव असेल तर फोटोला बक्षीसही मिळतं. काहीजण यासाठी माशी पकडून फ्रीजमध्ये गारठवतात आणि फुलावर आणून ठेवतात. तसा फोटो मला अनेकदा ओळखता येतो: पाय चुकीच्या जागी, डोकं झुकलेलं, आणि माशी अशा फुलावर जिथे ती आपणहून जाणार नाही. हा प्रकार मला नापसंत आहे. मेलेल्याच माशीचा फोटो काढायचा तर अमेरिकेतल्या सॅम ड्रोगे यांच्या प्रयोगशाळेसारखा उघडपणे काढावा. ते संग्रहातल्या माश्या धुऊन, वाळवून, केस फुलवून, थरथराने घेतलेले फोटो एकत्र जोडतात आणि सगळ्या जगाला फुकट वापरायला देतात. तिथे फसवणूक नाही.

सावधगिरीचा मुद्दा एकच, पण तो महत्त्वाचा. एकांडी माशी फुलावर असताना चावत नाही. हातात दाबली तरच डंख मारेल. आग्याच्या पोळ्याजवळ मात्र फ्लॅश घेऊन जाऊ नये, अत्तर लावून जाऊ नये, आणि खाली उभं राहून कुणी धूर करत असेल तर तिथून निघावं. किल्ल्यांवर आणि लेण्यांत पर्यटकांवर आग्या उठल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. फोटोसाठी जीव धोक्यात घालण्याएवढं त्या पोळ्यात नवीन काही नाही.

०००

ओळख पटवण्याची अडचण मोठी आहे. भारतातल्या माश्यांचं पायाभूत पुस्तक अजून चार्ल्स बिंगहॅम यांचंच, 1897 मधलं; सैन्यातून ब्रह्मदेशाच्या वनखात्यात गेलेला हा माणूस फावल्या वेळात गांधीलमाश्या आणि मधमाश्या गोळा करत असे. त्यातली वर्णनं टाचणीला टोचलेल्या, भिंगाखाली धरलेल्या नमुन्यांची आहेत. त्यानंतर पुष्कळ काम झालं, नावं बदलली, पण बागेत काढलेल्या फोटोवरून जातीपर्यंत पोचणं बऱ्याचदा अशक्यच असतं. जातीचा निर्णय पंखांच्या शिरांवर, नराच्या शेवटच्या खंडाच्या आकारावर होतो. फोटोत अमेजिला ही प्रजाती ठामपणे सांगता येते. तिच्यातल्या कुठल्या जातीची, हे सांगणाऱ्याकडे मी संशयाने बघतो. माझ्या संग्रहातल्या बहुतेक फोटोंखाली प्रजातीपर्यंतच नाव आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही.

तरी फोटोने काय होऊ शकतं, याचं एक उदाहरण इंडोनेशियातलं आहे. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांना 1858 मध्ये सापडलेली, जगातली सर्वांत मोठी मधमाशी, मेगाकाइली प्लुटो, 1981 नंतर शास्त्रज्ञांना दिसली नव्हती. जानेवारी 2019 मध्ये उत्तर मोलुक्कास बेटांवर वाळवीच्या वारुळात ती पुन्हा सापडली आणि क्ले बोल्ट या छायाचित्रकाराने तिचा जिवंतपणीचा पहिला फोटो काढला. बोल्ट हे पेशाने शास्त्रज्ञ नाहीत. त्याआधी ते कित्येक वर्षं अमेरिकेतल्या साध्यासुध्या देशी माश्यांचे फोटो काढत होते, म्हणून त्या वारुळापाशी काय बघायचं हे त्यांना ठाऊक होतं. आपल्याकडे वॉलेसची माशी सापडणार नाही. पण कोल्हापूरच्या किंवा रत्नागिरीच्या एखाद्या बागेत कुठली माशी कुठल्या महिन्यात उडते, एवढी साधी नोंदही जिथे तुटपुंजी आहे, तिथे तारीख आणि ठिकाण असलेला एक धूसर फोटो चकचकीत बक्षीसपात्र फोटोपेक्षा मोलाचा असतो.

आणि फोटोंतून हळूहळू एक नकोशी गोष्टही दिसू लागते. ज्या बागा नीटनेटक्या, त्यांतले माझे फोटो रिकामे. मधमाश्यांच्या सुमारे सत्तर टक्के जाती जमिनीत बिळं करतात. त्यांना उघडी, थोडी टणक, उन्हातली माती लागते. आपल्या नव्या उद्यानांत पायवाटेला पेव्हर ब्लॉक, वाफ्यांना सिमेंटची कड, मध्ये परदेशी गवताची हिरवळ, आणि उरलेल्या मातीवर रोज पाण्याचा फवारा. फुलं म्हणाल तर दुहेरी-तिहेरी पाकळ्यांच्या संकरित जाती, ज्यांत केसरांच्या जागीही पाकळ्याच भरलेल्या. वाळकी काडी दिसली की कापली, पालापाचोळा दिसला की पेटवला. उलट पंपघराच्या मागची, रोपवाटिकेच्या कुंपणापलीकडची, 'इकडे येऊ नका साहेब, घाण आहे' म्हणून सांगितलेली जागा: तिथे एकदांडी, केना, आघाडा माजलेला, मातीच्या ढिगाऱ्यात बिळं, तुटक्या घाणेरीच्या काडीत सेराटिना. त्या कोपऱ्याला उद्यानाच्या आराखड्यात नाव नाही. बागेतल्या माश्या जगतात त्या अशाच कोपऱ्यांवर, आणि सुशोभीकरणाचा निधी आला की सर्वांत आधी तोच कोपरा जातो.

उद्यान विभागांत चांगले, जाणकार अधिकारी आहेत. त्यांना खर्चाचं काही करावं लागणार नाही. प्रत्येक बागेत उन्हातला एक तुकडा बिनपाण्याचा, बिनफरशीचा सोडावा. वठलेल्या झाडाचं खोड धोका नसेल तर उभं ठेवावं. कापलेले बांबू एका जागी आडवे रचावेत. आणि कांचनाच्या गोल कापलेल्या पानांवर फवारणी करू नये. बांबूंच्या ढिगाशेजारी एक पाटी लावावी म्हणजे साफसफाईच्या मोहिमेत कुणी तो ढीग उचलून नेणार नाही.

आणि वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत तुमच्या घराजवळच्या बागेत जा, नाहीतर गच्चीतल्या तुळशीपाशी बसा. दहा आणि बाराच्या दरम्यान, ऊन असताना. येईल त्या माशीचा फोनवर फोटो काढा: एक बाजूने, एक वरून, जमल्यास एक समोरून. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर तारीख, ठिकाण आणि फुलाचं नाव लिहून टाका. नाव ओळखता आलं नाही तर नुसतं 'मधमाशी' लिहा. पुढचं कुणीतरी बघेल. आणि तुळस वाळली की तिची काडी लगेच उपटू नका.